फाल्गुनातला पाऊस, कठिया गहू आणि भुसा : इंदूर जिल्ह्यातील एका शेताचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूर जिल्ह्यातील देपालपूर तहसिलीतल्या एका मराठी शेतकरी कुटुंबाचे असून ते २०२३ च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंतच्या काळातले आहे. कुटुंबाच्या संमतीने ते लिहीत आहे. गावाचे व माणसांचे नाव आणि ज्यांवरून घर ओळखता येईल असे तपशील वगळले आहेत. होळकरांच्या काळात इकडे आलेल्या अनेक घरांप्रमाणे याही घरात बोलणे मराठीत चालते आणि शेतात पाऊल टाकले की माळवी सुरू होते. म्हणून पुढे येणारे भुसा, मावठा, हाली, मंडी, बिघा हे शब्द या घरात जसे वापरले जातात तसेच ठेवले आहेत.

शेत बावीस बिघ्यांचे, म्हणजे इकडच्या हिशोबाने साडेपाच हेक्टरच्या आसपास. जमीन खोल, काळी आणि चिकट. पाणी धरून ठेवणारी आणि एकदा भिजली की तीन-चार दिवस ट्रॅक्टरला आत येऊ न देणारी. त्या रब्बीत चौदा बिघ्यांत कठिया गहू होता, ज्याला महाराष्ट्रात बन्सी किंवा बक्षी म्हणतात. जात पुसा तेजस, म्हणजे एचआय ८७५९. ती भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या इंदूरच्या गहू केंद्राने काढलेली आहे. चार बिघे हरभरा, दोन बिघे लसूण आणि दोन बिघे बरसीम, म्हणजे जनावरांचा हिरवा चारा, असा उरलेला वाटा होता. गोठ्यात पाच म्हशी, तीन संकरित होल्स्टीन गायी, एक गीर गाय आणि वासरे-पारड्या धरून सोळा जनावरे होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन वेळचे मिळून ५८ लिटर दूध संकलन केंद्रावर जात होते.

शेताचा कारभार थोरल्या भावाकडे आणि गोठ्याचा धाकट्या भावाच्या पत्नीकडे. पुढे त्यांना दादा आणि वहिनी असेच म्हटले आहे. दोघांच्या वह्या वेगळ्या. दादांच्या वहीत भुशाला, म्हणजे मळणीत चुरलेल्या काडाच्या कोरड्या चाऱ्याला, किंमत नव्हती, कारण तो घरचाच. वहिनींच्या वहीतही नव्हती, कारण तो शेतातून येतो. मला हे प्रकरण लिहावेसे वाटले ते मुख्यतः या गाळलेल्या रकान्यामुळे.

फेब्रुवारीची उष्णता आणि पहिला निर्णय

भारतीय हवामान विभागाच्या नोंदीनुसार २०२३ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनचा देशातला कमाल तापमानाच्या दृष्टीने सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. देशाची सरासरी २९.५४ अंश सेल्सिअस होती. त्याच्या आदल्या वर्षी मार्चने असाच विक्रम केला होता, त्यामुळे घरात उष्णतेची धास्ती होतीच.

गव्हाच्या पेरण्या दोन होत्या. नऊ बिघे ८ नोव्हेंबरला पेरलेले, आणि पाच बिघे सोयाबीन उशिरा निघाल्यामुळे ३० नोव्हेंबरला पेरलेले. पहिल्या तुकडीचा दाणा बराचसा थंडीत भरून झाला होता. दुसऱ्या तुकडीचा दाणा मात्र नेमका फेब्रुवारीच्या उन्हात दुधात होता. या अवस्थेत तापमान तीस अंशांच्या वर जाऊ लागले की पीक घाई करते. दाणा भरण्याचे दिवस कमी होतात, पानात तयार झालेले अन्न ओंबीपर्यंत पुरते पोहोचत नाही आणि दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. नंतर कितीही पाणी दिले तरी गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

या टप्प्यावर दादांनी दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन्ही मला योग्य वाटतात. एक, दुसऱ्या तुकडीला त्यांनी हलके पाणी दिले, तेही वारा पडल्यावर संध्याकाळी, कारण भिजलेल्या काळ्या मातीत उभा गहू वाऱ्याने मुळासकट आडवा होतो. दुसरी, पोटॅशची फवारणी. एकराला २०० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे ०.२ टक्के द्रावण, ही उष्णतेच्या काळासाठीची नेहमीची शिफारस आहे. फवारणीने किती दाणे वाचले हे सांगता येणार नाही, कारण बिनफवारणीचा पट्टा कोणी राखला नव्हता. एक ओळ जरी सोडली असती तरी पुढच्या वर्षी बोलायला काही राहिले असते.

उष्णतेचा दुसरा परिणाम पहिल्या तुकडीवर झाला आणि तो तेवढा ठळक दिसला नाही. ती आठवडाभर आधी पिकली. २७ फेब्रुवारीला दादांनी ओंबी तळहातावर चोळून दाणा दाताखाली धरला तेव्हा तो कट्‌कन तुटला. बांधाकडच्या सखल पट्ट्यात मात्र हिरवट ओंब्या होत्या.

प्रश्न काय होता

कापणीला दरवर्षी अलिराजपूरकडून अकरा जणांची टोळी येते. होळीआधीच्या आठवड्यात तिकडे भगोरियाचे हाट, म्हणजे आदिवासींचे जत्रेसारखे सणाचे बाजार, भरतात आणि त्या दिवसांत ही माणसे कोणत्याही मजुरीसाठी थांबत नाहीत. त्यांनी थांबावे अशी अपेक्षाही करू नये. एरवी गहू भगोरियानंतर, रंगपंचमी उरकल्यावर पिकतो, त्यामुळे अडचण येत नाही. त्या वर्षी गहू आधी तयार झाला आणि टोळी १ मार्चच्या संध्याकाळी निघणार होती. त्या वर्षी रंगपंचमी १२ मार्चला होती. म्हणजे तयार पीक आणि कापणारे हात यांच्यामध्ये बारा दिवसांची फट पडली.

फाल्गुनातल्या बारा दिवसांत काय होऊ शकते हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पावसाळी हवेचे आवर्त, पश्चिमेकडून सरकत येतो, त्याला अरबी समुद्राकडून ओलावा मिळतो आणि खाली तापलेली जमीन असते. मग दुपारनंतर ढग उंच चढतात आणि गारा पडतात. येथे एक शब्दाची गोष्ट नोंदवतो. पौष-माघातल्या पावसाला माळव्यात मावठा म्हणतात आणि तो गव्हाला व हरभऱ्याला फुकटचे पाणी म्हणून आवडीचा असतो. फाल्गुनात पाऊस आला तरी बोलण्यात शब्द तोच राहतो. शब्द तोच राहिला की, माझ्या मते, भीतीही थोडी कमी होते.

पर्याय आणि दुसरा निर्णय

२७ फेब्रुवारीच्या रात्री ओसरीवर तीन पर्यायांवर बोलणे झाले. मी त्या रात्री तिथे होतो, पण मला कोणी विचारले नाही आणि मीही बोललो नाही.

पहिला पर्याय म्हणजे टोळीकडून उरलेल्या दोन दिवसांत होईल तेवढी कापणी करून घेणे. बिघ्याला पाच-सहा मजूर-दिवस धरले तर अकरा जणांनी दोन दिवसांत चारेक बिघे झाले असते. हाताने कापायचा गहू पूर्ण वाळलेला असण्याची गरज नसते. दाण्यात वीस टक्क्यांच्या आसपास ओल असतानाही तो कापून पेंढ्या उन्हात वाळवता येतात आणि मळणी नंतर करता येते. आक्षेप होता तो सखल पट्ट्यातल्या हिरव्या ओंब्यांचा.

दुसरा पर्याय हार्वेस्टरचा. पंजाबकडून आलेला एक शेजारच्या गावात उभाच होता आणि एका दुपारी नऊ बिघे उरकले असते. याला आक्षेप वहिनींचा होता. हार्वेस्टर ओंबी वरून कापतो आणि काड शेतात उभे ठेवतो. मागून रीपर फिरवून भुसा करता येतो, पण तो हातकापणीपेक्षा बराच कमी निघतो आणि त्यात माती येते. "जनावरं काय ट्रॉलीतला दाणा बघून दूध देणार आहेत का, दादा?" असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. गेल्या वर्षीची गंजी तळाला लागली होती.

तिसरा पर्याय थांबण्याचा. टोळी परत आली की सगळा गहू हाताने, नीट वाळलेला, भरपूर भुशासह.

थांबायचे ठरले. आता मागे वळून पाहता हा निर्णय चुकीचा दिसतो, पण त्या रात्री आकाश कोरडे होते आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होते. माझा आक्षेप निवडीपेक्षा बोलण्याच्या पद्धतीवर आहे. नऊ बिघ्यांचा विचार सगळ्यांनी एकगठ्ठा केला. चार बिघे टोळीकडून आणि पाच बिघे हार्वेस्टरने, ही वाटणी कोणाच्याच तोंडून निघाली नाही, कारण एक बाजू दाण्याची आणि दुसरी भुशाची बोलत होती आणि दोघांचा हिशोब एका कागदावर कधी आलाच नव्हता.

होळीच्या दोन-तीन दिवसांत राज्यात ठिकठिकाणी पाऊस व गारा झाल्या. या शेतावर नुसती भुरभुर झाली. त्यातून नुकसान काही झाले नाही, पण "मावठा येऊन गेला" असे वाटून घरातली घाई ओसरली.

तिसरा निर्णय : १४ मार्चची संध्याकाळ

टोळी १३ मार्चला आली ती सातजणांचीच. दोन दिवसांत अडीच बिघे कापून झाले. १४ तारखेच्या संध्याकाळी दादांच्या मुलाने मोबाइलवर पुढल्या दिवसांत गडगडाटी पाऊस आणि गारांचा इशारा दाखवला. मंगळवार आणि शुक्रवारी निघणारे कृषी हवामान पत्रक घरी येते, ते वाचलेही जाते. फक्त ते वाचून काय करायचे हे ठरलेले नसते.

त्या संध्याकाळी तीन वाटा होत्या. कापणी थांबवून शेतात पसरलेल्या अडीच बिघ्यांच्या पेंढ्या गोळा करून उंचवट्यावर सुडी रचायची आणि ताडपत्रीने झाकायची. किंवा उरलेल्या साडेसहा बिघ्यांसाठी हार्वेस्टर बोलवायचा. किंवा सातजणांनी कापत राहायचे. दादांना वाटले की उभा गहू आडवा होईल, त्यापेक्षा कापलेला बरा. कापणी चालू राहिली. १५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत चार बिघे कापून झाले आणि चारही बिघ्यांच्या पेंढ्या शेतात, आभाळाखाली होत्या.

कापलेले पीक उभ्या पिकापेक्षा जास्त असुरक्षित असते, हे येथे निसटले. उभ्या गव्हाच्या ओंबीवरून पाणी निथळते आणि वारा लागला की ती तासाभरात वाळू लागते. पेंढी जमिनीवर असते, खालून ओल ओढते आणि आतली ओल कोंडते. ताडपत्र्या तीन होत्या. त्यातल्या दोन लसणावर घातलेल्या.

लसणाविषयी थोडेसे. घरात पक्क्या छपराची एकच शेड आहे आणि ती उपटलेल्या लसणाने भरली होती. २०२२ मध्ये माळव्यात लसणाचे भाव इतके पडले होते की लोकांनी तो रस्त्यावर टाकला. तरी दादांनी शेड लसणालाच दिली. शेड भुशाला हवी होती असे मी तेव्हा म्हटले असते. पुढे २०२३ मध्ये लसणाचे भाव वर गेले आणि त्या शेडमधल्या मालाने घराला हात दिला, त्यामुळे या मुद्द्यावर मी गप्प बसतो. हरभरा फेब्रुवारीअखेर निघून मळलाही गेला होता.

पाऊस आणि गोठ्यातील एक सकाळ

१६ मार्चच्या संध्याकाळी पाऊस सुरू झाला. १७ ला दुपारी गारा पडल्या, बोराएवढ्या, दहा-बारा मिनिटे. १९ पर्यंत थांबून थांबून पाऊस येत राहिला. उशिराच्या पाच बिघ्यांत दाणा अजून पुरता कडक नव्हता आणि पीक ठिकठिकाणी लोळले. पहिल्या तुकडीचे उभे पाच बिघे बहुतांशी उभे राहिले. कापलेल्या पेंढ्या भिजून जड झाल्या.

गोठ्याकडे या दिवसांत कोणाचे लक्ष नव्हते, असे वहिनी स्वतःच सांगतात. कोरडा भुसा संपत आल्यामुळे त्यांनी आठवडाभर बरसीमचे प्रमाण वाढवले होते. पावसात हालीने, म्हणजे शेतगड्याने, बरसीम ओले कापून आणले आणि १८ च्या सकाळी रात्रभर जवळजवळ उपाशी असलेल्या जनावरांपुढे तेच टाकले.

साडेआठच्या सुमारास वहिनी शेण काढायला गेल्या तेव्हा संकरित गायींपैकी मधली गाय गव्हाणीपासून मागे सरकून उभी होती. तिची डावी भकाळी, जी एरवी खोलगट असते, ती पाठीच्या कण्याच्या वर फुगून आली होती. त्यांनी बोटांनी टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज आला. गाय मान ताणून तोंड उघडून श्वास घेत होती आणि पाय आपटत होती. कोवळ्या, ओल्या बरसीममधल्या प्रथिनांमुळे पोटात चिवट फेस होतो. वायू त्या फेसात बुडबुड्यांसारखा अडकतो आणि ढेकर देऊन बाहेर येत नाही. फुगलेले पोट फुप्फुसांवर दाबले गेले की जनावर तासा-दोन तासांत दगावू शकते.

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक डॉक्टर घरच्या ओळखीचे आहेत. त्यांना यायला रस्ता नव्हता, म्हणून ते फोनवर सांगत राहिले. गायीचे पुढचे पाय उंचवट्यावर घ्या, तोंडात आडवी काठी बांधा म्हणजे ती चघळत राहील आणि लाळ सुटेल, अर्धा लिटर गोडे तेल बाटलीने हळूहळू पाजा, जीभ ओढून धरू नका नाहीतर तेल श्वासनलिकेत जाईल. तेलाने फेस फुटतो. वहिनींनी डबा उघडला तर त्यात फोडणीपुरतेच तेल होते. उरलेले शेजारच्या काकूंकडून आले. वीस मिनिटांनी गायीने पहिली ढेकर दिली. "त्या ढेकरेचा वास मला अजून आठवतो," असे वहिनी हसून सांगतात. गाय वाचली. दूध चार दिवस निम्म्यावर होते.

याच जागी आणखी एक समज तपासून पाहू. पाऊस आल्याने गारवा झाला, जनावरांना बरे वाटले असेल, असे सर्वांना वाटत होते. जनावरांवरचा उष्णतेचा ताण मोजण्याचे एक सूत्र आहे : साधा तापमापक आणि फुग्याला ओले फडके गुंडाळलेला तापमापक, म्हणजे कोरड्या आणि ओल्या फुग्याचे, यांच्या अंश सेल्सिअसमधल्या तापमानांची बेरीज ०.७२ ने गुणून त्यात ४०.६ मिळवायचे. संकरित दुधाळ गायींसाठी ७२ च्या वर ताण सुरू होतो असे धरतात. पावसाळी, दमट दिवशी कोरडे २५ आणि ओले २३ धरले तर उत्तर ७५ च्या थोडे वर येते. म्हणजे माणसाला शाल घ्यावीशी वाटत असताना, तिन्ही बाजूंनी पोती लावून बंद केलेल्या गोठ्यात संकरित गाय ताणाखाली असू शकते. एप्रिलमध्ये कोरडे ३६ आणि ओले २० धरल्यास तोच आकडा ८१ च्या आसपास जातो. पोती पावसासाठी लावली हे ठीक. ती नंतर दहा दिवस तशीच राहिली.

चौथा निर्णय : ओला भुसा

पाऊस थांबला तरी काळ्या मातीत थ्रेशर जाईना. पेंढ्या डोक्यावरून बांधाकडे आणून उलटसुलट वाळवल्या. खालच्या थरांत काही ओंब्यांना कोंब फुटले होते. २२ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, थ्रेशर मिळाला. गुढी उभारली आणि दुपारी मळणी लागली.

दाणा ताडपत्रीवर पसरून वाळवला. भुशाचे काय करायचे, हा प्रश्न सहा वाजता उभा राहिला. तो हाताला थंड आणि मऊ लागत होता, म्हणजे ओला होता. पसरून ठेवायला जागा नव्हती, शेडमध्ये लसूण, आणि दुसऱ्या दिवशी उशिराच्या तुकडीत माणसे लागणार होती. भुसा गंजीत भरून वरून झाकला गेला.

चार दिवसांनी घरातल्या आईंनी गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. "आत दूध तापवायला ठेवलंय की काय रे!" असे त्या म्हणाल्या. ओल्या भुशात बुरशी आणि जिवाणू काम करू लागले की उष्णता निर्माण होते. वाफाळलेला हात ही उघडी सूचना होती. तेव्हा गंजी फोडून दोन दिवस उन्हात घालता आली असती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ऊन होते, माणसे नव्हती. आईंचे म्हणणे सर्वांनी ऐकले आणि दुसऱ्या दिवसावर टाकले. या संपूर्ण प्रकरणात सर्वांत स्वस्तात दुरुस्त होण्यासारखी चूक हीच होती.

युरिया प्रक्रियेचा विचार वहिनींनी केला होता. १०० किलो भुशाला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात विरघळवून, दाबून, २१ दिवस बंद ठेवण्याची ही पद्धत ओलसर भुशालाही चालते, कारण तयार होणारा अमोनिया बुरशी रोखतो. पण ती बुरशी येण्याआधी करायची असते. विचार एप्रिलमध्ये झाला.

परिणाम

बिघ्याला साडेबारा क्विंटल हे या शेताचे नेहमीचे उत्पन्न. कापून पडलेल्या चार बिघ्यांत १० क्विंटल, उभ्या राहिलेल्या पाच बिघ्यांत साडेअकरा आणि उशिराच्या पाच बिघ्यांत ९ क्विंटल पडले. एकूण १७५ च्या जागी एकशे साडेबेचाळीस क्विंटल.

दाण्याची चमक गेली होती. कठिया गव्हाला मंडीत भाव मिळतो तो काचेसारख्या पिवळसर, कडक दाण्याला, कारण त्याचा रवा चांगला निघतो. पिकलेला दाणा भिजून फुगतो, वाळून आकसतो, पुन्हा भिजतो. त्यात बारीक भेगा पडतात आणि तो आतून खडूसारखा पांढरट होतो. व्यापाऱ्याने मूठभर दाणे हातात घेऊन खाली सोडले आणि भाव सांगितलाच नाही. मार्चच्या अखेरीला केंद्र सरकारने मध्य प्रदेशात चमक गेलेल्या गव्हासाठी खरेदीचे निकष ठरावीक मर्यादेपर्यंत शिथिल केले, त्यामुळे बराचसा माल त्या हंगामाच्या २१२५ रुपये क्विंटल या हमीभावाच्या केंद्रावर गेला. दादांनी चमकदार आणि चमक गेलेला गहू वेगवेगळ्या ढिगांत ठेवला होता, याचा येथे उपयोग झाला.

विम्याचा अनुभव संमिश्र. पंतप्रधान पीक विमा योजनेत कापून शेतात वाळत ठेवलेल्या पिकाला कापणीपासून १४ दिवसांपर्यंत अवकाळी पाऊस आणि गारांपासून संरक्षण आहे, मात्र ७२ तासांत कळवावे लागते. दादांनी मुदतीत फोन केला, पण नुकसानीचा प्रकार सांगताना चौदाच्या चौदा बिघ्यांना "उभे पीक" म्हटले. पाहणीला माणूस आला तेव्हा चार बिघे मोकळे होते आणि पेंढ्या बांधावर; नोंदीशी ते जुळले नाही आणि त्या चार बिघ्यांचा दावा मान्य झाला नाही. महसूल खात्याच्या पंचनाम्यात उशिराचे पाच बिघे २५ ते ३३ टक्के नुकसानीच्या गटात धरले गेले आणि राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक आपत्तीतील मदतीचे नियम, यानुसार काही रक्कम नंतर जमा झाली. हाती आलेल्या कागदांत भुशासाठी रकाना नव्हता.

गोठ्याचा परिणाम हळू आला. एप्रिलच्या मध्यापासून नवी गंजी वापरात आली. म्हशी गव्हाणीतला भुसा नाकाने बाजूला सारू लागल्या, काहींना पातळ शेण झाले, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दूध ४३ लिटरवर आले. संकलन केंद्रावर फॅटही कमी लागू लागले. घरात सर्वांनी दोष उन्हाला दिला. डॉक्टर आले, त्यांनी गंजीच्या मधला भुसा हातात घेऊन फुंकला तर करडी धूळ उडाली. बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन तयार करतात, ते जनावराच्या यकृताला घातक असते आणि त्याचा अंश दुधात उतरतो. दुधातल्या या अंशावर, म्हणजे अफ्लाटॉक्सिन एम-१ वर, प्रति किलो ०.५ मायक्रोग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. ८ मेला ती गंजी बंद झाली आणि विकतचा भुसा आला. २० मेपर्यंत दूध ४८ लिटरवर चढले, आणि याच दिवसांत ऊन वाढत होते. उन्हाचा वाटा होताच, पण दूध पाडणारे मुख्य कारण ऊन नव्हते, हे मी या बारा दिवसांवरून म्हणतो. नमुना तपासणीला पाठवला नव्हता. पाठवायला हवा होता.

पावसाळा संपेपर्यंत विकत घेतलेला भुसा, पडलेले दूध आणि औषधपाणी यांची बेरीज मी आणि वहिनींनी मिळून केली. ती दाण्याच्या तोट्याच्या जवळपास आली. दाण्याच्या तोट्यातला काही भाग परत मिळाला. या बाजूचा एक रुपयाही नाही.

काय वेगळे करता आले असते

२७ फेब्रुवारीला वाटणी करता आली असती. चार बिघे टोळीने दोन दिवसांत कापून, पेंढ्या उन्हात वाळवून, भगोरियाच्या आत सुडीत. सखल पट्टा सोडून उरलेले हार्वेस्टरने. रीपरचा मातीमिश्रित भुसा चाळून म्हशींना चालला असता आणि हाताचा चांगला भुसा दुभत्या गायींना राखता आला असता. ऑक्टोबरात सोयाबीनचा भुसा येईपर्यंत दोन्ही मिळून जेमतेम पुरले असते, असा आमचा हिशोब आहे.

१४ मार्चला कापणी थांबवायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सातजणांनी १५ तारखेचा दिवस पेंढ्या उचलण्यात घालवला असता तर अडीच बिघे झाकले गेले असते आणि दीड बिघा उभा राहिला असता. उभ्याचे काय झाले ते वरच्या आकड्यांत आहेच. दादा हे अजून मान्य करत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की गारा लिंबाएवढ्या पडल्या असत्या तर उभ्या पिकाचा एक दाणा राहिला नसता आणि मग मीच उलट लिहिले असते. यात तथ्य आहे, म्हणून नोंदवतो.

विम्याला कळवताना तुकडीनिहाय सांगणे, कापणीची तारीख लिहून ठेवणे आणि पेंढ्या शेतात असतानाच तारखेसह फोटो काढणे एवढे केले असते तर चार बिघ्यांचा दावा निदान उभा राहिला असता. मुलाने गारांचे फोटो भरपूर काढले होते, ओंजळीत धरून. पेंढ्यांचा एकही नव्हता.

गोठ्यात बरसीम कापून निदान काही तास सुकवणे, आधी मूठभर का होईना कोरडा चारा देणे आणि घरात एक तेलाची बाटली वेगळी ठेवणे, हे वहिनींनी त्याच आठवड्यात सुरू केले. ती बाटली आता गोठ्याच्या खांबाला टांगलेली असते आणि फोडणीला तिला हात लावायचा नाही असा घरात नियम आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरात पेरणीआधी दोन्ही वह्या पहिल्यांदा एकत्र मांडल्या गेल्या आणि भुशाला भाव लावला गेला. किती लावायचा यावर दीर आणि भावजयीचे एकमत झाले नाही. दादांनी मळणीच्या दिवसांतला भाव धरला आणि वहिनींनी ऑगस्टमधला.